पहिली पसंती

मुलुंड स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक तरुण मुलगा इंजिनिअरिंग प्रवेशाचे फॉर्म भरून देतो. बोलणं तुटक, आवाज खालचा. प्रत्येक कॉलेजचं नाव दोनदा वाचून दाखवतो आणि "नक्की ना?" असं विचारल्याशिवाय पुढचं बटण दाबत नाही.

लेकीचा पसंतीक्रम भरायला मी तिला घेऊन गेलो होतो. दोन्ही कॉलेजं नावाजलेलीच. मुंबईतलं कम्प्युटर पहिलं टाका, असं मी सांगितलं. तिला दूर दक्षिणेत जाऊन सिव्हिल करायचं होतं. त्यावरून आठवडाभर घरात अबोला होता.

त्याने नाव दोनदा वाचलं. "नक्की ना?" हे मात्र तिच्याकडे बघून विचारलं. "हो," मी म्हणालो.

त्याने माउसवरचा हात काढला. "काका, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी थांबलो. काचेतून दिसत होतं, ती बोलत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता. बराच वेळ.

आत गेलो तेव्हा दक्षिणेतलं कॉलेज पहिलं होतं. मला ते बदलायला लावता आलं असतं. तिच्याकडे पाहिलं आणि फॉर्मचे पैसे काढून त्याच्यासमोर ठेवले.

ती आता तिकडे तिसऱ्या वर्षाला आहे. त्या दिवशी ती त्याला काय सांगत होती, हे मी अजून दोघांनाही विचारलेलं नाही.