काळी दोनचा बास की काळी पाचचा?

पडाव वाळूला लागायच्या आधीच फर्नांडिस मास्टर पाण्यात उतरले. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"हळू रे! आपटू नको! आत पाणी गेलं तर मी कोणाला तोंड दाखवू?"

पडावात दोन मोठ्या लाकडी पेट्या होत्या. मुंबईची बोट मुरुडला लांब खोल पाण्यात उभी राहायची. माणसं, टपाल, सामान, सगळं पडावातून किनाऱ्यावर यायचं. त्या दोन पेट्यांत दोन बास होते. दुकानदाराने ते पसंतीसाठी पाठवले होते. एक ठेवायचा, दुसरा परतीच्या बोटीने परत. परतीची बोट त्या हंगामातली शेवटची होती. तिच्यानंतर पावसाळा, म्हणजे समुद्र बंद. त्यामुळे विचार करायला फार सवड नव्हती.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागची. मी तेव्हा संस्थानच्या बँडात बास वाजवत होतो, आणि फर्नांडिस आमचे बँडमास्टर.

बास म्हणजे बँडातलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य. बसून वाजवताना मांडीवर घ्यायचं, चालताना पट्ट्याने खांद्याला अडकवायचं. त्याचं तोंड आभाळाकडे असतं. कॅटलॉगात त्याला बॉम्बर्डन म्हणत, आता लोक ट्यूबा म्हणतात. गाणं वाजवणारे क्लॅरिनेट आणि कॉर्नेट. बास फक्त खालून सूर धरतो. लग्नात जेवण कसं होतं ते सगळे सांगतात, चूल कोणी पेटवली ते कोणी विचारत नाही. बासवाल्याचं तसंच असतं.

आमचा जुना बास खाऱ्या हवेने खाल्ला होता. गावातल्या तांबटाने त्याला इतकी ठिगळं लावली होती, की मूळ पितळ शोधावं लागे. शेवटी सूर बदलायला बोटाने दाबतात त्यातला एक व्हॉल्व अडकला तो सुटलाच नाही. मग नवा मागवायचं ठरलं.

पण कोणत्या पट्टीचा?

हार्मोनियमच्या पेटीवर गाणारे पट्टी ठरवतात. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी चारमध्ये. पितळी वाद्याला ती सोय नाही. त्याची पट्टी कारखान्यातूनच ठरून येते. नळी जितकी लांब, तितका तिचा घरचा सूर खाली. कुठलाही व्हॉल्व न दाबता फुंकलं की जो सूर निघतो, त्यावरून वाद्याचं नाव पडतं. माझा जुना बास ई-फ्लॅट होता, म्हणजे पेटीची काळी दोन. आलेल्या पेट्यांपैकी एकीत तसाच ई-फ्लॅट होता. दुसरीत बी-फ्लॅट, काळी पाच, आणि तीही बरीच खालची. त्याची नळी कितीतरी लांब, वजन जास्त, आणि दम तर विचारू नका.

दमाचीच तर अडचण होती. मी एकदऱ्याचा कोळी. वडिलांच्या होडीवर होतो तेव्हा मास्टरांनी माझी छाती बघून मला बँडात घेतलं होतं. पण आदल्या वर्षी न्यूमोनिया झाला. वाचलो, पण छाती पूर्वीची राहिली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, होडीवर जायचं नाही, जाळं ओढायचं नाही. बँडात बसून वाजवणं तेवढं जमत होतं. ती नोकरी गेली असती तर मला दुसरं काही करता येत नव्हतं. घरी यमुना, माझी बायको, मासळी विकायची. ती म्हणायची, "गेली नोकरी तं जाऊ दे. मी हाय ना." ती असं म्हणाली की मला जास्तच भीती वाटायची.

पहिली परीक्षा बँडच्या खोलीत झाली. खोली म्हणजे नारळाच्या वाडीतली कौलारू शेड. मी आधी ई-फ्लॅट घेतला. बोटं आपोआप पडली. सूर गोड आणि मोकळा. मग बी-फ्लॅट. तो मांडीवर घेतल्यावर मला पुढचं दिसेना. फुंकला, तर खोलीत नुसता घुमारा झाला. कौलावरची धूळ खाली आली.

"खोलीत छोटा बरा," मास्टर म्हणाले. "पण आपण खोलीत वाजवतो काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यालगतच्या मैदानात गेलो. दरबाराच्या दिवशी बँड तिथेच उभा राहायचा. रावसाहेबही आले. संस्थानच्या खासगी खात्याचे ते अधिकारी. घोडे, बग्ग्या, दिवे आणि बँड, चारही त्यांच्याच ताब्यात. माणूस वाईट नव्हता, पण बँडाकडेही बग्गीसारखंच बघायचा. चाक मोडलं की चाक बदला.

मास्टर लांब जाऊन उभे राहिले, पाहुण्यांच्या खुर्च्या मांडतात तिथे. वारा समुद्रावरून येत होता. सगळ्या बँडाने सलामीची धून वाजवली, एकदा छोट्या बासावर, एकदा मोठ्यावर.

छोट्याच्या वेळी मास्टर कानामागे हात धरून उभे होते. मोठ्याच्या वेळी त्यांनी हात खाली घेतला.

पण मोठ्याच्या वेळी मी मध्येच तुटलो. धुनीच्या शेवटी एक लांब सूर होता. तो निम्म्यावर आला आणि माझा श्वास संपला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बँड पुढे गेला, खालून काहीच नाही. ते सगळ्यांना कळलं, रावसाहेबांनासुद्धा.

मास्टर परत आले. घाम पुसत म्हणाले, "दामू, तू सांग. तू वाजवलंस. कोणता?"

खरं सांगायचं तर मला छोटा हवा होता. छोटा घेतला असता तर कोणी काही बोललं नसतं. लहान बँडाला ई-फ्लॅट चालतो, कितीतरी ठिकाणी चालतो. पण आमची कॉर्नेट आणि क्लॅरिनेट बी-फ्लॅटची होती, युफोनियम बी-फ्लॅटचं होतं. मोठा बास त्यांच्याखाली आला तेव्हा सगळा बँड जमिनीवर उभा राहिल्यासारखा वाटला. मी तो वाजवत होतो, तरी मला ऐकू आलं. ते ऐकल्यावर दुसरं काही सांगता येईना.

"मास्टर, मोठा चांगला हाय," मी म्हणालो. "माझ्याच्याने व्हत न्हाय, ती गोष्ट येगळी."

रावसाहेब लगेच म्हणाले, "झालं तर मग. मोठा ठेवा. पुण्याला पलटणीतले पेन्शनर वादक मिळतात. एकाला बोलावून घेऊ. दामूला पाहिजे तर दिव्यांच्या खात्यात टाकू."

मास्टर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "बास ठेवतो, साहेब. आणि दामूलापण ठेवतो."

"अहो, आत्ताच ऐकलंत ना?"

"ऐकलं. म्हणून सांगतो. स्वतःची नोकरी जाणार हे समजून ह्याने मला खरं सांगितलं. असला कान मला पुण्याहून मिळेल काय? पावसाळाभर दरबार नाय, पाहुणे नाय. तेवढी मुदत द्या. नाय जमलं तर मीच तुम्हाला सांगेन, पुण्याचा माणूस आणा म्हणून."

रावसाहेबांनी मान हलवली. "पावसाळ्यानंतरचा पहिला दरबार. तोपर्यंत."

ई-फ्लॅटची पेटी शेवटच्या बोटीने परत गेली. पडाव लांब जाताना मी बघत होतो. माझी इतक्या वर्षांची सवयीची बोटं त्या पेटीतून चालली होती, असं मला वाटलं.

कारण दमाशिवाय दुसरी पंचाईत बोटांची होती. आमच्या कागदांवर जो सूर लिहिलेला असे, तोच वाजायला हवा. ई-फ्लॅट बासावर ई-फ्लॅटचा सूर मोकळा, काही न दाबता. बी-फ्लॅट बासावर तोच सूर हवा तर पहिला व्हॉल्व दाबायचा. असं प्रत्येक सुराचं. कागद तोच, कान तोच, बोटं मात्र सगळी नवी. एका घरात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला अंधारात दुसऱ्या घरात सोडावं, तसं.

मी मास्टरांना म्हटलं, "माझे कागद जुन्या बोटांच्या हिशोबाने बदलून लिवून द्याल का?"

"देतो. पण मी गोव्याला गेलो की नवीन कागद कोण लिहिणार? बोटंच शिकव."

मग मी बोटं शिकवली. जेवताना ताटाच्या काठावर, बसल्या जागी गुडघ्यावर. यमुना वैतागायची. "जेवा आधी! ताट काय पळून जातंय?" पण बाजारातून आली की तीच विचारायची, "आज कंचा सूर बसला?" तिला सुरांची नावं येत नव्हती. मी सांगितलेलं नाव ती तसंच म्हणून दाखवायची, आणि नाव नवं निघालं की मी खरंच शिकतोय हे तिला कळत असावं.

बोटं बसली. दम बसेना. मास्टर रोज लांब सूर धरायला लावायचे. थोडा वाढला, पण सलामीच्या शेवटच्या सुराला पुरेना. श्रावण आला आणि मी हाय खाल्ली. एका तालमीनंतर मास्टरांना म्हटलं, "पुण्याला लिवा, मास्टर. आता उगाच ताणू नका."

उत्तर दिलं इस्माईलभाईंनी.

इस्माईलभाई युफोनियम वाजवायचे. युफोनियम म्हणजे बासाचाच धाकटा भाऊ, पट्टी तीच, पण एक सप्तक वर. त्याचा सूर माणसाच्या गळ्यासारखा असतो. गाण्याच्या बाजूने ते स्वतःची एक वेगळी चाल वाजवतं आणि इस्माईलभाई ती इतकी सुंदर वाजवायचे, की दिघीहून लोक खास त्यांना ऐकायला यायचे. त्यांचा त्याबद्दल थोडा तोराही होता, आणि तो त्यांना शोभायचा.

ते म्हणाले, "मास्टर, याचा कागद इकडे द्या. हा कुठे कुठे तुटतो त्या जागा मला पेन्सिलीने दाखवा. तिथे मी खालच्या सुरावर उतरतो. मी सूर धरीन, हा श्वास घेईल. मग हा धरील."

मास्टर म्हणाले, "आणि तुझी चाल? सलामीत तिथेच तर तुझी चाल आहे."

"ती राहील."

"लोक तीच ऐकायला येतात, इस्माईल."

"लोकांचं काय घेऊन बसलात? पुण्याचा माणूस आला तर मला रोज त्याच्या पलटणीच्या गोष्टी ऐकायला लागतील. त्यापेक्षा हा बरा. बोलत तरी नाही."

सगळे हसले. मला हसू येईना. वादकाला त्याची चाल सोडायला सांगणं म्हणजे काय, ते वादकालाच कळतं. मी म्हटलं, "इस्माईलभाई, नको. तुमची चाल गेली तं बँडात काय उरलं?"

"बँड उरेल," ते म्हणाले. "चल, पहिल्यापासून."

ते वाटलं तितकं सोपं नव्हतं. मी सोडायचो तेव्हा ते धरायचे, पण जोड ऐकू यायचा. मी घाईने सुटायचो, ते उशिरा यायचे. कधी दोघंही एकदम श्वास घ्यायचो आणि बँडाखाली भोक पडायचं. मास्टर काठी आपटायचे. हळूहळू आम्हाला एकमेकांचे खांदे कळायला लागले. माझा खांदा किंचित वर गेला की ते समजत, आता हा सुटणार. पुढे पुढे ते बघायचेही नाहीत. बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि शेडमध्ये एक सूर न तुटता चाललेला असायचा. त्यात दोन माणसं आहेत हे आम्हालाच ठाऊक.

पावसाळ्यानंतरचा पहिला दरबार आला. पाहुणे बोटीने आले, मैदानात खुर्च्या मांडल्या गेल्या. मास्टरांनी कोटाला कडक इस्त्री केली होती. रावसाहेब पहिल्या रांगेच्या मागे उभे होते.

सलामी सुरू झाली. मध्यावर मी एक चूक केली. ई-फ्लॅटचा सूर आला आणि घाबरलेल्या बोटांनी जुनी सवय काढली. व्हॉल्व मोकळा सोडला. बास घसरला तो थेट स्वतःच्या घरच्या सुरावर, बी-फ्लॅटवर. पण तो सूर त्या जागेच्या सुरांच्या नात्यातलाच निघाला, म्हणून खपून गेला. फक्त मास्टरांची एक भुवई वर गेली आणि खाली आली.

मग शेवटचा लांब सूर. मी धरला. निम्म्यावर खांदा हलला, इस्माईलभाई खाली आले, मी श्वास घेतला, परत धरला. सूर शेवटपर्यंत गेला. त्या जागी दिघीच्या लोकांना त्यांची चाल मिळाली नाही.

दरबार संपल्यावर रावसाहेब बँडापाशी आले. बासाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा आता ऐकू येतो. छान." आणि बग्ग्यांकडे गेले. पुण्याचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

मी इस्माईलभाईंसमोर जाऊन उभा राहिलो. ते युफोनियममधलं पाणी काढत होते. वर न बघता म्हणाले, "तो मधला सूर चुकलास."

"व्हय."

"उद्या बसवू."

संस्थान होतं तोपर्यंत मी त्या बँडात होतो. छाती पुढे बरीच सुधारली. एक दिवस मीच इस्माईलभाईंना म्हटलं, सलामीत आता तुमची चाल घ्या, मी एकटा धरतो. त्यांनी ती वाजवली. मला खालून सूर धरायचा होता, म्हणून रडता आलं नाही. मास्टर नंतर गोव्याला गेले. तोवर माझी बोटं कुठलाही कागद वाचत होती, आणि ते त्यांच्यामुळे. यमुनाला सुरांची नावं शेवटपर्यंत पाठ होती.

आजकाल नवीन बँडवाले विचारायला येतात, काका, बास कोणत्या पट्टीचा घेऊ? मी सांगतो, मिरवणुकीत खूप चालायचं असेल तर ई-फ्लॅट घ्या, हलका पडतो. उघड्या मैदानात भरीव आवाज पाहिजे तर बी-फ्लॅट. मात्र बी-फ्लॅट घेणार असाल, तर आधी युफोनियमवाल्याशी नीट वागा.