शेजारची रिकामी जागा

धायरीची बस खच्चून भरली तरी रोजच्या त्या वयस्कर गृहस्थांच्या शेजारची जागा रिकामीच असे. ते कुठल्याशा प्रयोगशाळेत औषधांसाठी नवी संयुगं बनवत. तिथल्या गंधकाचा कुजका वास त्यांच्या शर्टातून जात नसे. आयटी कंपनीतून परतताना एकदा पाय दुखत होते, म्हणून मी तिथे बसलो.

"येतोय का हो वास?" त्यांनी विचारलं. "इतक्या वर्षांत माझं नाक मेलंय, मला कळत नाही."

"छे, अजिबात नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीची काच सरकवली.

"बायको दारातच सांगायची, आज फार येतोय म्हणून. आणि मग शेजारी बसून चहा प्यायची."

पुढच्या थांब्यावर मागची सीट रिकामी झाली. मी उठून तिथे गेलो.