गाळलेली ओळ

आज इथे भिसेगावात कुणीतरी पाचोळा जाळला आणि मला खालापूरकडच्या आमच्या शेतातल्या राबाचा, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतानाचा, धूर आठवला. आमच्या बायबललाही तोच वास यायचा.

बाबांना वाचता येत नव्हतं. शेतावर जाण्याआधी मी त्यांना रोज एक अध्याय वाचून दाखवायची. त्या सकाळी ओळ आली, की देवाला अर्पण देण्याआधी भावाशी समेट कर. बांधावरून काकांशी बाबांचं बोलणं बंद होतं. त्यांना लागेल म्हणून मी ती ओळ गाळली.

“मधलं सोडलंस गं,” बाबा म्हणाले. ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ होतं. “मला टोचतंय म्हणून ते पुस्तकात नाय का? वाच.”

मी वाचली. ते उठून काकांकडे गेले. काकांनी त्यांच्या तोंडावर दार लावलं.

बाबा परत येऊन बसले. “उद्या परत जाईन. आता मेंढपाळाचं स्तोत्र वाच, जरा बरं वाटंल.”

तेव्हा मला फक्त त्यांचा अपमान दिसला होता.

धाकट्या बहिणीशी मी वर्षभर बोललेले नाही. आज वाचताना तीच ओळ आली. घरात ऐकणारं कुणी नव्हतं, तरी मी ती मोठ्याने वाचली आणि चपला पायात सरकवल्या.