एका कानाचा नंदी

गफूर उस्ताद साचा फोडायच्या आधी त्याला कान लावून बसत. आत काय ऐकत, देव जाणे. मग म्हणत, "फोड रे. जे झालं ते झालं."

मंगरूळपीरला दर्ग्याच्या वाटेवर त्यांचा कारखाना होता. कांशाच्या घंटा, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या, देवळातले नंदी ओतायचे. मुसलमान माणूस, पण नंदीचं वशिंड त्यांच्यासारखं कुणाच्याच हाताला साधलं नाही. मी दुसरीतून शाळा सोडून त्यांच्याकडे लागलो. माझ्यासोबत केनवडचा नामदेव.

पहिला नंदी आम्ही दोघांनी एकाच दिवशी ओतला. मेणाचा नंदी करायचा, त्यावर मातीचे लेप चढवायचे, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि रिकाम्या जागेत कांसं ओतायचं. माझा नंदी शिंगापासून शेपटीपर्यंत पुरा निघाला. नामदेवाच्या नंदीला एकच कान. दुसऱ्या कानाशी त्यानं हवेला वाटच ठेवली नव्हती. माझा नंदी उस्तादांनी हातात फिरवला, "ठीक हाये" म्हणाले आणि शेलूबाजारच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकला. नामदेवाचा मात्र फळीवर ठेवला.

नवा शिकाऊ आला की उस्ताद फळीकडे बोट दाखवत. "हा पाय, नामदेवाचा नंदी. वारा बाहेर निघाला नाही तं धातू आत कसा येईन?" रोज नामदेव, नामदेव. माझं एकही काम बिघडलं नाही, पण माझं नाव फक्त पाणी मागताना निघायचं. जळायचो मी. खोटं कशाला सांगू?

शेवटी मीही चुकलो. मुद्दाम. शेपटीजवळची हवेची वाट मातीनं बुजवली. शेपूट आलं नाही. मी तोंड पाडून उभा राहिलो. उस्तादांनी फुटक्या साच्याचा तुकडा उचलला, नखानं खरवडला.

"काहून रे गणपत? हे तं बोटानं दाबलं तू."

"चुकलं, उस्ताद."

"झूट नोको बोलू. त्याची चूक खरी व्हती, बेटा. ह्याच्यातून मी पोट्ट्यायले काय शिकवू?"

नंदी पुन्हा मुशीत गेला. नामदेव हसला, "गणप्या, नाव पाह्यजे व्हतं तं मले मांगाचं व्हतं. देलं असतं!"

त्या हसण्यानं जास्त लागलं.

पुढे नामदेव धंदा सोडून शेतीला लागला. उस्तादांना मूलबाळ नव्हतं. जाताना त्यांनी कारखाना माझ्या हवाली केला. मी उशाशी बसून होतो. वाटलं, आता तरी माझ्या हाताबद्दल एक शब्द बोलतील. ते म्हणाले, "गणपत, फळी सांभाळजो." बस.

लढाईच्या दिवसांत कांशात घालायला कथील मिळेना. देवळाच्या घंटेला कांसं कमी पडलं. मी तो नंदी फळीवरून काढला, मुशीपर्यंत नेला. तेवढ्यात मागे माझ्या एका शिकाऊनं आपला साचा फोडला. त्याच्या नंदीला एकच कान. पोरगं हुंदके द्यायला लागलं.

मुशीची धग तोंडावर येत होती. नंदी माझ्या हातातच होता.

"रडतं कायले? इकडं ये," मी म्हटलं. "हा पाय, नामदेवाचा नंदी."

घंटेत माझी जेवायची कांशाची थाळी गेली. नामदेव मागे बाजारात भेटला होता. त्याला तो नंदी आठवतसुद्धा नव्हता. माझ्या कारखान्यात मात्र त्याचं नाव रोज निघतं, तेही माझ्याच तोंडून.

माझे नंदी गावोगावच्या देवळांत बसलेत. दोन्ही कानांचे. ते कुणी केले, हे तिथं कुणीच विचारत नाही.