सुनंदाची वही: सातारा, विटा आणि पलूसवरून लोणंद

गेले पंधरा दिवस सुनंदाच्या माहेरच्या नातेवाइकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहिलं जातंय, की मी तिची वही परस्पर एका परक्या मुलीला देऊन टाकली. मी त्या ग्रुपात नाही, तिथे उत्तर देऊ शकत नाही. म्हणून इथे लिहिते. नेहमीच्या वाचकांना रस्ता, बस आणि जेवण यांची माहिती मिळेलच. बाकीच्यांनी हा माझा जबाब समजावा.

सुनंदा आणि मी साताऱ्याला कॉलेजात एका बाकावर बसलो. मी पुढे पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सुनंदाला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना खानापूर तालुक्यात दिलं. त्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात आहेत: सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. गावात पाणी नव्हतं, म्हणून त्यांच्या आज्या-पणज्यांपासून माणसं देशभर पांगली. सुनंदा लग्नानंतर दावणगेऱ्याला गेली, मग भावनगरला. पहिल्याच आठवड्यात तिने एक वही केली आणि अडेल तो शब्द तीत लिहायला सुरुवात केली.

सुनंदा गेल्या वर्षी गेली. तिचा मुलगा अनिल लोणंदला कारखान्यात आहे. वर्षश्राद्धाच्या आधी त्याचा फोन आला, "मावशी, आईची वही गावाला चुलतीकडे आहे. मला सुट्टी नाही. तुम्ही आणाल?" मी आणते म्हणाले. हे मी कबूल करते.

चैत्रात निघाले. साताऱ्याहून सकाळी लवकरची एसटी धरावी, उन्हाच्या आत विटा गाठता येतं. बायकांना अर्धं तिकीट आहे. रहिमतपूरला गाडी दहा मिनिटं थांबते. चहा घ्यायचा तर तिथेच घ्या, पुढे धड मिळत नाही. रहिमतपूरपर्यंत उसाची सोबत असते. पुसेसावळी मागे पडली की ती सुटते आणि जमीन फिकट होत जाते. रस्ता बरा आहे, मधे डांबर उखडलेलं आहे, खिडकीची काच लावून घ्यावी. पाणी घरून न्यावं.

विट्याला स्टँडसमोरच्या खानावळीत बाजरीची भाकरी, मटकी आणि हिरव्या मिरचीचा खरडा मिळाला. जेवण चांगलं. ताट मात्र मी पुन्हा धुवून मागितलं.

गावाला जायला वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. माझ्याशेजारी जत्रेसाठी आलेला एक मध्यमवयीन माणूस होता, मदुराईला दुकान असलेला. ड्रायव्हर त्याला सोडत नव्हता.

"काय गड्या, तिकडं नुसता भातच गिळतोस म्हणं?"

"तुज्या जीपीतली धूळ खाण्यापरीस बरं हाय की."

"आन् बायकू? तिला येती का ती भाषा?"

"तिलाच येती रं. मी निस्ता मुंडी हालवतो."

सगळे हसले. मी त्याला विचारलं, की बायको कुठे शिकली. तो म्हणाला, "वहीतनं. आमच्या गावात एक वही हाय, बाई."

तोवर मला ती वही एका घराची वाटत होती.

जत्रा आदल्या दिवशी संपली होती. बाभळींखाली केरळ, तमिळनाडू, गुजरात, बंगाल अशा नंबरांच्या गाड्या धुळीत उभ्या होत्या. सुनंदाची थोरली जाऊ, हिराक्का, सिमेंटच्या नव्या घराच्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. सत्तरीची बाई, आवाज खणखणीत. एक मुलगा भावनगरला, एक दावणगेऱ्याला, दोघांची पोरं जत्रेला आलेली.

भावनगरची नात आतून ओरडली, "बा, पाणी!" हिराक्का उठली. त्याच वेळी दावणगेऱ्याची नात शेळीच्या करडाला हाका मारत होती, "बा, बा!" आणि कोपऱ्यातल्या खाटेवर डोळा लागलेले हिराक्काचे मालक, ज्यांना त्यांचे दोन्ही मुलगे बा म्हणतात, ते उठून बसले आणि विचारू लागले, काय पायजे.

"आवं बाई, ह्या वसरीवर रोजचं हाय ह्ये," हिराक्का म्हणाली. "येक हाक मारली की म्हातारं उठतंय, मी उठतीया, आन् करडू पळत येतंय. कुनाला बोलावलंय ते मारनाऱ्यालाच ठावं."

मी वही मागितली. हिराक्काने आतून दोन आणल्या. एक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, नवी करकरीत. ती माझीच होती. वीस वर्षांपूर्वी सुनंदाने तिची वही मला दाखवली, तेव्हा तिच्यातला गोंधळ मला बघवला नाही. मी सगळे शब्द अकारविल्हे लावले, शुद्ध केले, सुवाच्य अक्षरात नवी प्रत करून पाठवली.

"तुमची लय देखनी हाय," हिराक्का म्हणाली. "म्हून कुनी हात लावला न्हाई."

दुसरी वही तेलकट, कोपरे गेलेली, दाभणाने दोनदा शिवलेली. ती पाहिल्यावर माझी चूक मला समजली. सुनंदाने शब्द गरजेप्रमाणे लावले होते. दूधवाला आला तर. घरमालकीण चिडली तर. मूल तापलं तर. दवाखान्यात. अशा वेळी कोणी अकारविल्हे शोधत बसत नाही.

पहिल्या पानावर वर एकच शब्द: बा. खाली सुनंदाच्या अक्षरात: "आपल्याकडे बाप. कन्नडमध्ये 'ये', पण लहानाला. मोठ्याला 'बन्नी' म्हणावे. मी घरमालकांना 'बा' म्हटले, मालकीण आठ दिवस बोलली नाही. गुजरातीत आई, आजी." त्याखाली निळ्या शाईत दुसऱ्या कोणाचं: "तमिळमदे वा. तेच. ये." त्याखाली तिसऱ्या अक्षरात: "बंगालीत 'किंवा'." आणि समासात पुन्हा सुनंदा: "लहान शब्दावर भरवसा ठेवू नये. आधी ऐकावे."

पुढे पानोपानी अशी सात जणींची अक्षरं मोजली. सुनंदाच्या हातची पानं फक्त अकरा. हिराक्काने सांगितलेली पद्धत अशी: गावातली जी सून सगळ्यांत लांब निघेल, तिच्याकडे वही जायची. तिथली भाषा तिने भरायची, आणि पुढच्या कोणा सुनेची पाळी आली, की जत्रेला परत आणायची.

या वर्षीची सून समोरच बसली होती. अश्विनी, हिराक्काच्या पुतण्याची बायको, माहेर पलूसकडचं, पाचवा महिना. नवरा बंगालमधल्या एका लहान गावात दुकान घेऊन बसला होता. तीन दिवसांनी तिची गाडी होती.

"घिऊन जावा," हिराक्का मला म्हणाली. "पोराला आईची वस्तू पायजे म्हनल्यावर आमी कसं न्हाई म्हनायचं?"

 अश्विनीने आतून एक शाळेची वही आणली आणि बंगाली पानं उतरवून घ्यायला बसली. मी तिला म्हटलं, एवढं लिहायचं कशाला, आता फोनमध्ये सगळ्या भाषा मिळतात.

"मिळत्यात की, बाई. पर फोनला इचारायचं काय, ते आधी ठावं पायजे न्हवं?" ती उतरवत होती ते पान तिने माझ्यापुढे केलं. "ह्ये बघा. मला कुठं म्हाईत, ह्ये डॉक्टरला सांगायचं असतंय?"

ते पान मंगल नावाच्या सुनेचं होतं, पूर्वी बंगालमध्ये राहून आलेल्या. वर लिहिलं होतं, "पोटातलं हलायचं थांबलं तर." खाली: "नोडछे ना. हालत नाही. लगेच म्हणायचं. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही."

"तिनं दोन दिस वाट बघितली," हिराक्का शेंगांकडे बघत म्हणाली. "सांगता आलं न्हाई तिला. मग परत आल्यावर लिवलं."

मी तिथूनच अनिलला फोन लावला. जे पाहिलं ते सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, ती माझ्या आईची आहे."

"त्यातली अकरा पानं तुझ्या आईची."

"मग तिला फोटो काढून द्या, आणि वही मला आणा."

"फोटोत तिला पुढचं लिहिता येणार नाही. पुढची कोरी पानं तिची आहेत."

त्याने फोन ठेवला. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे आईच्या हातचं दुसरं काहीच नव्हतं. भावनगरचं घर सोडताना कागदपत्रं रद्दीत गेली होती.

तोडगा अश्विनीने काढला. पानं चाळताना ती थांबली. "बाई, ह्ये तर अनिलभावजींच्या जन्माचं हाय." तिने ते पान मागच्या कोऱ्या पानावर जसंच्या तसं उतरवलं, माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं. मग ब्लेडने वहीचा दोरा कापला, तेवढंच पान सोडवलं आणि वही पुन्हा शिवली. मी तिच्या शुद्धलेखनातली एकही चूक सुधारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विनी माहेरी निघाली, म्हणून आम्ही विट्याहून पलूसची बस एकत्र धरली. तासाभरात फिकट माळ संपून द्राक्षबागा आणि ऊस सुरू होतो. ज्यांना हा फरक पाहायचा असेल त्यांनी खिडकीची जागा घ्यावी. तिने पिशवीतून वही काढली.

"बाई, तिकडं 'बा' म्हंजे 'किंवा'. मग 'ये' ला काय म्हनायचं?"

"मला विचारू नकोस. बघ."

तिने पान शोधलं. "एशो. मोठ्याला आशुन." ती ते ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. पलूसच्या स्टँडवर तिचे वडील आले होते. तिने वाकून नमस्कार केला, वही पिशवीत तळाशी घातली आणि गेली.

पलूसजवळच्या स्टेशनवरून पुण्याकडे जाणारी गाडी मिळते. ती कऱ्हाड, सातारा करत लोणंदला जाते. गाडीला उशीर झाला. जेवण बरोबर ठेवा. मी साताऱ्याला उतरले नाही, सरळ लोणंदला गेले. अनिल स्टेशनवर आला होता. फलाटावरच मी त्याला पान दिलं.

"एकच?"

"एकच."

त्याने ते उभ्याने वाचलं. दावणगेऱ्याला तो सहा वर्षांचा होईपर्यंत होता. त्यातले शब्द त्याने हलक्या आवाजात म्हटले, आणि उच्चार बरोबर केले, मला जमले नसते असे. मग म्हणाला, "लोक विचारतील, वही कुठे गेली म्हणून."

"मी सांगेन," मी म्हटलं.

संध्याकाळच्या बसने घरी आले. आयुष्यभर मी मुलांना शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघायला सांगितलं. ते चूक होतं असं मी अजूनही मानत नाही. पण शब्द कोणत्या वेळेला लागतो, हे मी कधी शिकवलं नाही. ते सुनंदाला माहीत होतं, मंगलला फार महाग पडून कळलं. अश्विनीचा काल फोन आला. बरी आहे, तिथल्या दवाखान्यात नाव घातलं आहे.

आता नोंद.

वही मी कोणालाही दिलेली नाही. ती त्या गावच्या सुनांची आहे आणि पाळीप्रमाणे अश्विनीकडे आहे.

अनिलला दिलं ते एक पान. आखीव, एका बाजूने लिहिलेलं, डाव्या कडेला दाभणाची चार भोकं. अक्षर सुनंदाचं. मजकूर पुरा देते:

"दावणगेरे. अनिलच्या वेळी. हे घरी नव्हते.
नोवु: कळ.
नीरु: पाणी.
बेगा बा: लवकर ये.
शेजारणीला भिंतीवरून एवढेच म्हणाले. ती आली."