गाळलेलं पाणी

धाराशिवच्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तिथं पाण्यात काय काय मिसळलंय ते शोधायचं काम चालतं. सगळ्यात जास्त छळतात ते उडून जाणारे पदार्थ. झाकण जरा सैल राहिलं की यांचा पत्ता गुल. पेट्रोलमधलं बेंझिन त्यातलंच, आणि नेमकं तेच मला आक्काच्या पाण्यात सापडत नव्हतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मुरुमजवळच्या एका गावात ती राहते. तिच्या गल्लीला लागूनच जुना पेट्रोल पंप आहे. उन्हाळ्यात गल्लीच्या बोअरला पेट्रोलचा वास यायला लागला, म्हणून ग्रामपंचायतीनं मोटर बंद ठेवली आणि लोक टँकरमागं धावू लागले. आक्काची सून गरोदर होती, तेही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. "तेवढं तपासून दे गं," आक्का फोनवर काकुळतीला आली होती. "पोरीला काय झालं तर म्या कुठं तोंड दाखवू?"

मी काचेच्या छोट्या बाटल्या पाठवल्या आणि दहादा बजावलं, काठोकाठ भर, आत बुडबुडाही राहू देऊ नकोस, झाकण घट्ट लाव, बर्फात ठेवून पाठव. तिनं सगळं तस्संच केलं. यंत्र म्हणालं, बेंझिन नाही.

अहवाल गावात पोचला आणि मोटर सुरू झाली. सूनही तेच पाणी प्यायला लागली. मावशीनंच तपासलंय म्हटल्यावर शंका कोण घेणार? फक्त आक्का म्हणत राहिली, "नळ सोडला की अजून वास मारतोय बघ."

मी पुन्हा बाटल्या मागवल्या. पुन्हा काही नाही. माझं डोकंच फिरलं. मुद्दाम बेंझिन घातलेलं पाणी यंत्राला दिलं, तर ते त्यानं बिनचूक ओळखलं. म्हणजे यंत्र शहाणं, मी शहाणी, आणि आक्काचं नाक तेवढं खोटं? साहेब म्हणाले, "मॅडम, घरचं काम आहे म्हणून हट्ट करू नका." त्यांच्यापुढचा चहा उलथून टाकावा असं मला वाटलं. खरं तर मी मनातून पार घाबरले होते.

शेवटी रजा टाकून गाव गाठलं. "आक्का, बाटली कशी भरतेस ते करून दाखव."

तिनं नळाखाली कळशी भरली. धुतलेल्या धोतराचं फडकं दुसऱ्या कळशीच्या तोंडावर धरून त्यातून पाणी ओतलं, उंचावरून, सावकाश. मग ते निवळायला उन्हातल्या ओट्यावर उघडंच ठेवलं. बाटली हातात घेतली ती बऱ्याच वेळानं.

"अगं, हे काय?"

"गाळून घेतलं की. परक्याच्या दारात बिनगाळलेलं पाणी कसं धाडायचं? तुझ्या हापिसातली लोकं काय म्हणतील?"

मी तिथंच बसकण मारली. पाहुण्याला गाळल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, हे आईनं आम्हा दोघींच्या अंगात भिनवलं होतं. गाळू नकोस, हे सांगायचं मला सुचणार तरी कसं? त्या धारेत आणि त्या उन्हात बेंझिन उडून जात होतं, आणि माझ्यापर्यंत पोचत होतं ते नुसतं पाणी.

"घरात पण असंच गाळून पिता?" मी आशेनं विचारलं.

"रोज एवढं करायला वेळ कुठं हाय? हे तुझ्यासाठी. सून तर नळालाच तोंड लावतीय, लई उकडतंय तिला."

मी स्वतः नळाची धार बारीक करून, काचेच्या कडेनं पाणी सोडत बाटल्या भरल्या आणि बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं परतले. वाटभर देवाला म्हणत होते, याही वेळी काही निघू देऊ नकोस. इतक्या वर्षांत आपलं यंत्र चुकावं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

निघालं. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट.

लगेच फोन लावला. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. "मोटर आत्ताच बंद करायला लावते," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "पण आजवर पोरीच्या पोटात जे गेलंय, ते मोजता येतंय का गं?"

"न्हाय येत, आक्का."

मागून सुनेचा आवाज आला, "मावशी काय म्हणल्या?"

फोन चालूच होता. आक्का तिला म्हणाली, "आधी तो नळ बंद कर."