केरळात जाऊन बघितलेली हळद

“हे तर आपल्या वावरातलंच हाय,” मोठे काका काकूंना म्हणाले आणि बागेतल्या एका पाटीसमोर थांबले. पाटीवर हळदीचं इंग्रजी नाव होतं आणि खाली लॅटिन.

सोयाबीन निघालं होतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्या गावाहून, हट्ट्याहून, केरळला आलो होतो. समुद्र, धबधबा, सगळ्याला काका नुसती मान हलवून पुढे जात होते. या बागेतली जगभरातली झाडंही त्यांनी चालता चालता संपवली. हळदीच्या वाफ्यापाशी मात्र ते उकिडवे बसले. आमच्या वसमत तालुक्यात वावरावावरात हळद; तिकीट काढून ती बघणारे तिथले आम्ही पहिलेच असू.

मला एकच गोष्ट बघायची होती, मोठ्या कमळांचं तळं. शाळेच्या पुस्तकात त्या कमळाच्या परातीएवढ्या पानावर बसवलेल्या बाळाचा फोटो होता. तळ्याचं फाटक पाचला बंद होतं, असं तिकिटावर छापलेलं. ‘काका, मला कमळं बघायचीत’ हे वाक्य मी सकाळपासून मनात जुळवत होते. आणि काकांच्या मागून चालत होते.

“याला सांग,” काकांनी बागेच्या गाईडकडे बोट केलं, “मुळाशी माती ओढलेली न्हाई. पानावर करप्याचे डाग पडून राहिले. पाणी कितीदा देऊन राहिले, ते विचार. तुला इंग्रजी शाळेत घातलं ते काहून?”

गाईड काकांच्याच वयाचा, हसतमुख. त्याच्या तोंडावर हे कसं सांगायचं?

“त्यांना तुमची हळद फार आवडली,” मी इंग्रजीत म्हणाले.

गाईड खुलला. ही जखमेवर लावतात, दुधात घालून पितात, लग्नातसुद्धा वापरतात, असं त्यानं सावकाश समजावलं. मी ते काकांना सांगितलं.

“म्हंजे आपल्याला हे माहीत न्हाई वाटलं का त्याला?”

“लेकरावर काहून चिडून राहिले?” काकू म्हणाल्या. “त्या गाईडची बी तकलीफ समजून घ्या. एवढीशीच तर हळद हाय त्याच्याकडं.”

मग हळद कशी लावायची हे काकांनी बेणं निवडण्यापासून सांगायला सुरुवात केली. त्या सगळ्या भाषणाचं मी ‘छान आहे’ एवढंच भाषांतर केलं. खूश होऊन गाईडनं एक पान चुरगळून आमच्या नाकाशी धरलं. माझ्या सभ्यपणाच्या जोरावर दोघांचंही उत्तम जमलं होतं, आणि त्या नादात पाच वाजत आले होते. तळ्याकडून लोक मोबाइलमधले फोटो एकमेकांना दाखवत परत येऊ लागले.

“आता विचार,” काका म्हणाले, “काढलेली हळद शिजवायला मोठी कढई हाय का यांच्याकडं?”

“माझ्या काकांना तुमची हळद अजिबात आवडलेली नाही,” मी गाईडला इंग्रजीत सांगितलं. मग काकांकडे वळून, त्याच आवाजात, मराठीत म्हणाले, “कढईचं तुम्हीच विचारा. मी कमळं बघायला चाललेय.”